मनातला तास

गळीत हंगाम सुरू झाला की आमचं बास्केटबॉलचं मैदान बैलांच्या ताब्यात जायचं. मैदान म्हणजे साखर कारखान्याच्या वजनकाट्यामागची सिमेंटची पट्टी, दोन टोकांना दोन लोखंडी खांब, त्यांवर लाकडी फळ्या आणि रिंगा. उसाच्या गाड्यांची रांग काट्यापासून वाढत वाढत आमच्या फ्री थ्रोच्या रेषेपर्यंत यायची. गाडीवान बैल सोडायचे आणि त्यांची दावी सरळ रिंगेच्या खांबाला बांधायचे. शेजारी तीन दगडांची चूल, तिच्यावर तवा, आणि धुरात बसलेली त्यांची पोरंबाळं. आम्ही कॉलनीतली शाळकरी मुलं बॉल काखेत धरून उभे राहायचो आणि रिंगेखाली उसाच्या शेंड्यांचं वाढं चघळत बसलेल्या बैलांकडे नुसते बघायचो. "आता पाडव्यालाच या खेळायला," एक गाडीवान दरवर्षी म्हणायचा, "तवर आमचा सर्जा राखतोय तुमची रिंग." सर्जा रिंग राखायचा म्हणजे तिच्याखाली शेणाचा पो टाकून ठेवायचा. हंगाम संपल्यावर पहिले दोन दिवस आमचे सिमेंट खरवडण्यात जायचे.

मी नववीत गेलो त्या वर्षी खेळाच्या शिक्षिका म्हणून जाधव बाई आल्या. साडीचा पदर कमरेला खोचलेला, गळ्यात शिट्टी आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट बघायला कॉलनीतल्या बायका पहिले काही दिवस कुंपणापाशी थांबत. बाई चिडत नसत, उलट पाय पुढे करून दाखवत. त्या कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या होत्या. खेळाडूने डोळे मिटून मनातल्या मनात खेळ नीट पाहिला, तर हात तो खेळ शिकतात, असं त्यांनी तिथे ऐकलं होतं. बैलांनी मैदान घेतल्यावर आम्ही तोंडं पाडून त्यांच्यापुढे उभे राहिलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "मैदान गेलं तर गेलं. डोकं तर कुणी नेलं नाही ना? चला प्रार्थनेच्या हॉलमध्ये."

तिथे बाई आम्हाला सतरंजीवर मांडी घालून बसवायच्या आणि डोळे मिटायला लावायच्या. "रेषेवर उभे राहा. बॉल हातात आहे. त्याच्या शिवणी बोटांना लागतायत. आता रिंग बघा. गुडघे वाका. सोडा. बॉल वर गेला... आत पडला. दिसला?" आम्ही ओरडायचो, "दिसला!" "ज्याचा बाहेर गेला त्याने परत हातात घ्या. आत जाईपर्यंत उठायचं नाही." बाहेरून चरकाची घरघर ऐकू यायची, गाड्यांच्या चाकांची करकर, मधूनच भोंगा. बाईंनी याला 'मनातला तास' असं नाव दिलं होतं. आम्ही त्याला झोपेचा तास म्हणायचो. एकदा पाटलाचा बंड्या खरोखरच घोरायला लागला, तेव्हा बाई म्हणाल्या, "याची मॅच सुटलेली दिसते."

मला काहीच दिसत नव्हतं. मी डोळे मिटले की काळोख व्हायचा आणि काळोखच राहायचा. रिंग नाही, फळी नाही, बॉल नाही. सुरुवातीला वाटलं, सगळ्यांचं असंच असेल, 'दिसला' ही नुसती ओरडायची रीत असेल. मग ऐकलं की बंड्याला रिंगेचा गंज दिसतो, दुसऱ्या एकाला स्वतःच्या चड्डीचा रंगसुद्धा दिसतो. तेव्हा मी घाबरलो. वर्गात फळ्यावरचं न दिसणाऱ्याला चष्मा लागतो. डोळे मिटून न दिसणाऱ्याला काय लागतं, ते मला माहीत नव्हतं. परवा माझ्या मुलीने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. काही माणसांच्या मनात चित्र उमटतच नाही, त्यात आजार काही नाही, कमीपणा काही नाही, असं एक डॉक्टरीणबाई सांगत होत्या. मी तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि मुलगी उठून गेल्यावर पुन्हा पाहिला.

पण आमची शाळा पाढे म्हणून दाखवायची शाळा होती. ज्याला म्हणता आलं त्याला आलं, ही तिथली रीत आणि बाईही त्याच रीतीत वाढलेल्या. कुणाच्या मनात काय चाललंय हे कळायचं कसं? म्हणून त्या एकेकाला उभं करून विचारू लागल्या, "सांग, काय दिसलं?" झालं, मनातल्या तासाची तोंडी परीक्षा झाली. आणि तोंडी परीक्षेत मला कोण हरवणार होतं? मी वक्तृत्व स्पर्धांत बोलणारा मुलगा. जयंतीला बुद्धविहाराच्या पायरीवर उभा राहून मी भाषण केलं की म्हाताऱ्या डोळे पुसायच्या. पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा मी हातांना आणि कानांना जे आठवत होतं तेच चित्र म्हणून सांगितलं. बॉल दोनदा आपटल्यावर तळव्याला येणारी झिणझिण, बॉल सोडताना मनगट झुकतं तेव्हाचा हलकेपणा, आणि आमच्या रिंगेला कारखान्याच्या वर्कशॉपमधून बसवून घेतलेल्या साखळीच्या जाळीतून बॉल पडताना होणारा छन्न आवाज. त्यात दोन-चार रंग मी पदरचे घातले. बाई ऐकतच राहिल्या. "याला म्हणतात बघणं!" त्या म्हणाल्या. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी तास माझ्याकडे दिला. मी डोळे मिटलेल्या मुलांपुढे उभा राहून बोलायचो आणि ती बघायची.

आमच्या क्वार्टरच्या दोन खोल्या होत्या आणि मागे एक चिंचोळं अंगण. हंगामात चिमणीतून भुश्शाची काजळी उडायची, तिचे काळे बारीक तुकडे दोरीवरच्या कपड्यांवर बसायचे. झटकले तर पुसले जायचे आणि डाग पसरायचे, म्हणून आई ते फुंकर मारून उडवायची. मळीचा आंबूस वास तर घरातल्या पाण्यालासुद्धा असायचा. सुट्टीत मावशीकडे गेलो की तिथलं पाणी मला बेचव लागायचं. दादा, म्हणजे माझे वडील, बॉयलरवर होते. पाळी बदलली की घराची वेळ बदलायची, ते झोपलेले असले की आम्ही कुजबुजत जेवायचो. थंडीत आई हुलग्याची शेंगोळी करायची. हुलग्याच्या पिठात लसूण-मिरची घालून तळहातांवर वळ्या वळायच्या आणि उकळत्या रश्श्यात एकेक सोडायच्या. मी समोर बसून वळ्या वळायला लागायचो आणि ती माझ्या वळ्या परत मोडून वळायची. अशाच एका संध्याकाळी मी तिला विचारलं, "आई, तू विहारात वंदनेला डोळे मिटून बसतेस, तेव्हा तुला काय दिसतं?"

"काय दिसायचं?" ती म्हणाली. "अंधार दिसतो."

"बुद्धाची मूर्ती दिसत नाही?"

"मूर्ती म्होरंच असती की. बघायची असली तर डोळं उघडीन ना." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "का रं? कुणी काय म्हणलं का?"

मी 'काही नाही' म्हणालो. आईसारखंच मला होतं, एवढं कळूनही मला धीर आला नाही. आई काही बास्केटबॉल खेळत नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं.

संघात खरा हात होता तो रफिकचा. त्याच्या अब्बांचा बँड होता. देवळाली प्रवरेपासून राहुरीपर्यंत कुणाचंही लग्न असो, वरातीपुढे लाल कोट घातलेले अब्बा क्लॅरिनेट वाजवत चालायचे. रफिक लहानपणापासून त्यांच्यामागे ड्रम वाजवायचा. त्यामुळे तो बॉलही वाजवायचा. फ्री थ्रोच्या आधी वरातीच्या ठेक्यावर बॉल आपटायचा, शेवटच्या ठोक्याला वर घ्यायचा आणि त्याच झोकात सोडायचा. एवढं करताना तो कुणाकडे बघायचा नाही, काही बोलायचा नाही. आमच्यापैकी कुणाचेही जात नसत इतके त्याचे बॉल आत जायचे. मी त्याचा जिवलग. शाळेतून येताना गाड्यांमागे पळत ऊस उपसायचो, त्यात उंच म्हणून उपसणारा तो आणि ऊस घेऊन पळणारा मी, अशी वाटणी होती. त्याच्या घरी मी जेवायला बसलो की अम्मी मला विचारायच्या, "तेरी माँ की भाकरी अच्छी या मेरी?" आणि मी दोन्ही घरांत खोटं बोलायचो.

मनातल्या तासात मात्र रफिकची पंचाईत व्हायची. त्याला दिसायचं, पण बाईंना हवं तसं दिसायचं नाही. "बॉल कड्यावर फिरतो बाई," तो उभा राहून सांगायचा, "फिरतो, फिरतो, आन् भायेर पडतो." "परत घे." "परत बी तसंच हुतं." मुलं हसायची. बाईंना काळजी वाटायची, आणि ती काळजी खरी होती. ज्याच्या मनात बॉल बाहेर जातो त्याचा हात कधी ना कधी बाहेर टाकणारच, असं शिबिरात सांगितलं होतं. नगरच्या जिल्हा स्पर्धेसाठी संघ निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी जाहीर केलं, की शनिवारी सगळ्यांनी चित्र सांगायचं, आणि ज्याचं चित्र स्वच्छ नाही त्याला या वर्षी नगरला नेणार नाही.

रफिकसाठी हे नुसतं नगर नव्हतं. नगरहून जिल्ह्याच्या संघात निवड व्हायची, आणि अब्बांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. मी तिथेच होतो. क्लॅरिनेटची पत्ती ओली करत ते म्हणाले होते, "नगर को जा. कुछ बनके आया तो खेल, मैं नहीं बोलूँगा. नहीं तो पाडव्यानंतर लग्नं चालू होतील, ड्रम उचलायचा. दोन दगडांवर पाय ठेवायचा नाही." रफिकने मान डोलावली होती. अब्बा रागीट नव्हते. त्यांना ड्रमवाला हवा होता, आणि तो घरात होता, इतकंच.

शुक्रवारी दुपारी तो मला पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेला. टाकीखाली कायम ओल असायची, शेवाळावर पाय घसरायचे.

"मिल्या, मला शिकीव," तो म्हणाला. "तुला कसं दिसतं ते शिकीव."

"शिकवायचं काय त्यात? डोळे मिटायचे आणि बघायचं."

"बघतोच की. त्यो भडवा फिरून भायेरच येतो."

"मग आत गेला असं म्हण."

"पन जात न्हाई ना."

"बाईंना कुठं दिसतंय तुझ्या डोक्यातलं? मी सांगतो ते पाठ कर आणि म्हण. म्हणायला काय जातं?"

पाण्याचा एक थेंब त्याच्या खांद्यावर पडला, तो त्याने पुसला नाही. मग हळूच म्हणाला, "म्हंजे तुला बी दिसत न्हाई?"

मी आजवर त्या क्षणाजवळ कितीदा जाऊन आलो असेन. त्याने प्रश्न विचारला होता तो हसून नाही, टोमणा म्हणूनही नाही. त्याच्या आवाजात आशा होती. मी 'नाही' म्हणालो असतो तर आम्ही दोघं टाकीखाली हसत सुटलो असतो. पण मी तास घेणारा होतो. बाई मुख्याध्यापकांना माझं नाव सांगायच्या. मी म्हणालो, "मला दिसतं की. एकदम स्वच्छ. रोज पाठ म्हणत गेलास की तुलाही दिसायला लागेल."

त्याने ते मानलं. मी त्याच्यासाठी एक पाठ रचला, तो त्याने भिंतीला टेकून घोकला, आणि शनिवारी हॉलमध्ये उभं राहून म्हणून दाखवला. "बॉल नारंगी दिसतोय, रिंग लाल दिसतेय, बॉल मधोमध उतरतोय." शुद्ध पुस्तकी भाषेत. त्याच्या तोंडी ती भाषा लग्नातल्या भाड्याच्या कोटासारखी सैल दिसत होती. बाईंना भरून आलं. "बघा," त्या सगळ्यांना म्हणाल्या, "मनापासून केलं की दिसतं." बाहेर आल्यावर रफिक म्हणाला, "बाई चांगल्या हायेत रं. त्यांना फशिवल्यासारकं वाटतंय." मी त्याला उसाचं कांडकं दिलं.

नगरला आम्ही एस.टी.ने गेलो. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, ती विळद घाटाच्या आधीच संपली. कॉलेजच्या मैदानावर फळ्या पांढऱ्याशुभ्र होत्या आणि रिंगांना दोऱ्याच्या जाळ्या. दोऱ्याच्या जाळीतून बॉल पडला तर आवाज होत नाही, नुसती जाळी हलते. मला तिथे उगाचच बहिरं झाल्यासारखं वाटत होतं. कँटोन्मेंटमधल्या एका शाळेची उंच मुलं आमच्यासमोर होती, बुटांना बूट जुळणारी. आमच्यातल्या दोघांचे बूट थोरल्या भावांचे होते. तरी आम्ही त्यांना सोडलं नाही. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. रफिक आत घुसला, त्यांच्या मुलाचा हात त्याच्या दंडावर पडला आणि पंचांनी शिट्टी मारली. दोन फ्री थ्रो.

पहिला त्याने त्याच्या पद्धतीने टाकला. मान खाली, वरातीचा ठेका, शेवटच्या ठोक्याला बॉल वर. जाळी हलली. बरोबरी झाली. आमची मुलं नाचायला लागली. बाई बाजूच्या रेषेवर होत्या, आनंदाने त्यांचा आवाज फाटला होता. त्या ओरडल्या, "रफिक, आता चित्र! डोळे मीट, चित्र बघ, मग टाक!"

रफिकने ठेका थांबवला. बॉल हातात धरून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी रिंगेच्या डाव्या बाजूला, हुकलेला बॉल झेलायला उभा होतो. तो विचारत होता. ओठ न हलवता विचारत होता आणि मला ते पूर्ण कळत होतं. मी मान हलवली. हो म्हणून.

त्याने डोळे मिटले. त्याचे ओठ हलत होते, मी शिकवलेला पाठ तो म्हणत होता. बॉल नारंगी दिसतोय, रिंग लाल दिसतेय. मग त्याने डोळे उघडले आणि न आपटता, एखादी परकी वस्तू ठेवावी तसा बॉल सोडला. तो कड्यावर पडला, फिरला, पुन्हा फिरला आणि बाहेर आला. त्यांच्या उंच मुलाने तो वरच्या वर घेतला. दुसऱ्या टोकाला त्यांचा बॉल आत गेला तेव्हा आमचा एकही खेळाडू तिथवर पोचलेला नव्हता.

परतीच्या एस.टी.त बाई त्याच्या शेजारी बसल्या. त्याचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "चित्र डळमळलं असेल रे. होतं असं." "व्हय बाई," तो म्हणाला. त्याने माझं नाव घेतलं नाही. घ्यायचं सुचलंही नसेल, कारण त्याच्या लेखी माझी काही चूक नव्हती. मला दिसत होतं, त्याला दिसलं नाही, एवढंच. जिल्ह्याच्या संघात माझी निवड झाली. एक वर्ष खेळलो आणि दहावीचं निमित्त करून सोडलं. पाडव्यानंतर बैल गेले, आम्ही सिमेंट खरवडायला लागलो, तेव्हा रफिक आला नाही. त्या उन्हाळ्यात कॉलनीतल्या एका लग्नाच्या वरातीत तो लाल कोट घालून ड्रम वाजवत गेला. मला बघून हसला आणि काठ्या हवेत फिरवून दाखवल्या. खोटं कशाला सांगू, तो वाईट दिसत नव्हता. चांगला वाजवत होता. मीच दारातून आत गेलो.

त्यानंतर मी शिकायला बाहेर पडलो, नोकरीला लागलो. आमच्या भेटी होत राहिल्या, चहा होत राहिला, मुलाबाळांची चौकशी होत राहिली. ती गोष्ट मात्र मी कधी काढली नाही. गेल्या वर्षी चुलतभावाच्या मुलीचं लग्न देवळालीला होतं आणि बँड रफिकचा होता. अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली, आता लाल कोटाच्या जागी त्याच्या पोरांचे निळे कोट आहेत आणि पुढे चालणारा तो आहे. दुपारी लग्न लागलं, पंगती बसल्या. आम्ही दोघं मांडवामागे त्याच्या टेम्पोच्या पायरीवर चहा घेत बसलो होतो. समोरच्या शाळेच्या मैदानात मुलं बास्केटबॉल खेळत होती. त्यांच्याकडे बघत तो म्हणाला, "त्यो नगरचा बॉल मला अजून दिसतो, मिल्या. डोळं मिटायची बी गरज न्हाई. फिरतो, फिरतो, आन् भायेर. तुला तर लई स्वच्छ दिसत आसंल. तुला समदंच दिसायचं."

"नाही," मी म्हणालो.

"न्हाई म्हंजे?"

"मला काहीच दिसत नाही, रफिक. तेव्हाही दिसत नव्हतं. एकदाही दिसलं नाही. मी नुसतं बोलायचो."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मी त्याच्या तोंडाकडे बघू शकलो नाही, त्याच्या बुटांकडे बघत राहिलो. त्याची पोरं टेम्पोत बाजा ठेवत होती, झांज खणकन आपटली, त्याने नेहमीसारखं ओरडून कुणाला शिवी दिली नाही. मग तो बोलला. आवाजात राग नव्हता. हिशेब लागल्यावर माणूस बोलतो तसा बोलला.

"टाकीखाली मी इचारलं हुतं तुला."

"हो."

"तवा सांगितलं आसतंस, तर दुसरा बी मी डोळं न मिटता, ठेक्यावरच टाकला आसता."

मी हो म्हणालो. माफ कर म्हणायचं होतं, पण ते वक्तृत्वासारखं झालं असतं. तो उठला. मैदानातला एक मुलगा फ्री थ्रोच्या रेषेवर उभा होता आणि त्याचे बॉल सारखे बाहेर जात होते. रफिक कुंपणापाशी गेला आणि ओरडला, "ए पोरा, इकडं टाक जरा त्यो बॉल."

मुलाने बॉल कुंपणावरून फेकला. रफिकने तो झेलला, कोटाची बटणं काढली आणि फाटकातून आत शिरला. मी पायरीवरच बसून राहिलो. त्याचं पोट सुटलंय, गुडघे कुरकुरतात. रेषेवर उभा राहून त्याने बॉल आपटायला सुरुवात केली, तोच वरातीचा ठेका, आणि टेम्पोतली त्याची पोरं हातातली कामं टाकून बघायला लागली. शेवटच्या ठोक्याला त्याने बॉल वर घेतला. मग थांबला. मान वळवून माझ्याकडे बघून म्हणाला, "मिल्या, तू हिकडं बघू नको. तिकडं तोंड कर."

मी तोंड फिरवलं. मागे बॉल सुटल्याचं कळलं, फळीवर काही आदळलं नाही. मग पोरं ओरडली. काय झालं ते मी वळून विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. त्याने बॉल पुन्हा आपटायला घेतला.